पाचव्या अंकातली नजर

जुना फ्रेंच ऑपेरा नव्यानं उभा राहिला, त्याचं चित्रीकरण झालं, आणि ते सिनेमागृहात लागलं तेव्हा प्रॉम्प्टरबाई नवऱ्याला आणि नणंदेला घेऊन पहिल्याच खेळाला गेल्या. चार अंक झाले. राजवाडा दिसला, शंभर जणांचं सैन्य दिसलं, खरेखुरे घोडेसुद्धा दिसले. बाई काही दिसल्या नाहीत. दिसणार कशा? त्यांची जागा रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फळ्यांखालच्या खोक्यात, तोंड गायकांकडे. गाणारा अडला की पुढचा शब्द पुरवायचा.

"वीस वर्षं ऐकतेय, ऑपेरात काम करते म्हणून," नणंद तिसऱ्यांदा म्हणाली. "अगं, तुझं नखसुद्धा दिसेना!"

बाई गालातल्या गालात हसल्या.

पाचव्या अंकात नायिकेनं नायकाच्या मांडीवर प्राण सोडला. नायकानं मान वळवून रंगमंचाच्या कडेला पाहिलं आणि कॅमेरा थेट त्याच्या डोळ्यांत शिरला. पडदाभर ते डोळे, व्याकूळ, पाणावलेले, जणू साऱ्या जगात आता एकाच माणसाचा आधार उरलाय. अख्खं सभागृह मुसमुसू लागलं. नणंदेनं रुमाल काढला.

"काय प्रेम गं त्या नजरेत! असं एकदा तरी कुणी आपल्याकडे बघावं."

"प्रेम कसलं, वन्सं? पुढची ओळ विसरला होता," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे बघत होता."

दुसऱ्या अंकापासून घोरत पडलेला नवरा ताडकन उठून बसला.

"कोण बघत होता?"