माउसला हात न लावता

औषधांच्या गोदामात नोंदी ठेवणाऱ्या मावशींचा हात वर्षभरापासून थरथरायला लागला होता. पडद्यावरच्या बटणाकडे माउस न्यावा तर बाण भलतीकडेच पळायचा, आणि हळू काम करणाऱ्या एकाला साहेबांनी गेल्याच महिन्यात घरी बसवलं होतं. शेवटी त्यांनी सॉफ्टवेअर बघणाऱ्या मुलीला एकटीला गाठलं. "पोरी, प्रत्येक बटणाला कीबोर्डवरची एकेक कळ जोडून दे ना. पण साहेबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

मुलीने दोन दिवस खपून सगळ्या बटणांना शॉर्टकट दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच साहेब मावशींच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मावशींनी श्वास रोखून काम सुरू केलं. शोध, नोंद, छपाई, सगळं एकेका कळीसरशी झटपट होत गेलं.

"माउसला हात का लावत नाही तुम्ही?"

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. मुलगी घाईघाईने मध्ये पडली. "साहेब, मीच सांगितलंय त्यांना. काम लवकर उरकतं असं."

साहेबांनी वळून खोलीचं दार आतून लावलं.



"माझ्याही कॉम्प्युटरवर हे बसवून दे," खिशातून काढलेला थरथरता हात पुढे धरत ते म्हणाले, "गेले सहा महिने मी कुणासमोर सहीसुद्धा केलेली नाही."