अर्धा पक्षी
प्रदर्शनासाठी परदेशी आणलेला आमचा सागवानी दरवाजा परतीच्या तपासणीला अडला. कस्टमच्या साहेबांनी येतानाचा फोटो समोर धरला. "तेव्हा इथे कोरं लाकूड होतं. आता अर्धा पक्षी आहे. तात्पुरता आणलेला माल जसा आला तसाच परत न्यायचा असतो." नियम दादालाही ठाऊक होता. पण स्टॉलवर नुसतं बसून त्याचे हात शिवशिवायचे. पंख कोरता कोरताच तो कोसळला. त्याला इथल्याच मातीत ठेवून आम्ही निघालो होतो. "रंधा मारून साफ करा, लगेच सोडतो," साहेब समजुतीनं म्हणाले. मी रंधा उचलला. वहिनीनं पक्ष्यावर तळहात ठेवला. "जेवढं आणलं तेवढं परत न्यायचं ना, साहेब? आमचा तर एक माणूस कमी भरतोय. तो आधी द्या. पक्षी मग मी स्वतःच्या हातानं खरवडते."