पाचाचं की पंधराचं

“काका, गाडी अजून किती वर्षं चालवायची ते सांगा,” मिस्त्री म्हणाला. “म्हणजे किती खोलायचं ते मला ठरवता येईल.”

रोपवाटिकेची जुनी पिकअप बॉनेट उघडं टाकून उभी होती. निळा धूर ओकणारं तिचं इंजिन बाहेर काढून साखळीला टांगलेलं होतं, आणि काका त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे होते. आजारी नातेवाइकाला बघायला आल्यासारखे. मिस्त्रीने फडक्याला हात पुसत सगळं समजावून सांगितलं. नुसत्या रिंगा, बेअरिंगं आणि गास्किटं बदलली तर पाच वर्षं आरामात निघतील. ब्लॉक लेथवर पाठवून बोअर केला, पिस्टन नवे घातले, क्रँक घासून घेतला, तर पंधरा वर्षं इंजिनाकडे बघायला नको. काय ते शनिवारपर्यंत सांगा.

प्रश्न गाडीचा होता. काकांनी तो स्वतःवर घेतला.

काका बहात्तर वर्षांचे. त्यात पाच मिळवले की सत्त्याहत्तर, हे ठीक. पंधरा मिळवले की सत्त्याऐंशी, आणि इथे घोडं अडलं. पंधराचं काम करून घ्यायचं आणि आपण मधेच बंद पडायचं, म्हणजे उरलेलं इंजिन वाया. पाचाचं करायचं आणि आपण मात्र पंधरा वर्षं धडधडत राहायचं, म्हणजे पुन्हा सगळी उस्तवार. काकांनी जन्मात कधी टाकीत लिटरभर डिझेल जास्त भरलं नव्हतं. असल्या माणसाने आयुष्याचा अंदाज चुकवून कसं चालेल?

घरी येऊन त्यांनी सगळं खानदान काढलं. वडील एकोणऐंशीला गेले. आजोबा अडुसष्टला. चुलते एक्क्याण्णवला, पण ते झाडावरून पडून, त्यामुळे त्यांना आणखी थोडी वर्षं वाढवून धरायची की काय, ते ठरेना. मुलाला फोन लावला. तो कामाच्या गडबडीत होता. “पाचाचं पुरे की बाबा,” तो म्हणाला. “पुढचं कोणी बघितलंय?” झालं. काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

मग ते डॉक्टरांकडे गेले. “स्पष्ट सांगा डॉक्टर. पाच की पंधरा?”

डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ बघितली. “तब्येत चांगली आहे. पण असं काही सांगता येत नसतं.”

“आमचा मिस्त्री सांगतो,” काका म्हणाले. “वर सहा महिन्यांची हमी देतो.”

डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची अर्धी गोळी पूर्ण केली.

काकू मात्र या सगळ्यात गप्प होत्या. खरं म्हणजे रोपवाटिका काकूंची. बी पेरण्यापासून कलमं बांधण्यापर्यंत सगळं त्यांचं, काका फक्त रोपं पोचवायचे. मागच्या वर्षी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी सव्वा महिना जागची हलली नाही. रोपांची मुळं पिशव्या फाडून जमिनीत शिरली. चारशे रोपं काकूंनी स्वतःच्या हाताने उपटून टाकली. तेव्हाही त्या गप्पच होत्या. आता त्या रोज दुपारी काकांच्या मागोमाग गॅरेजात यायच्या आणि त्या बिनइंजिनाच्या पिकअपमध्ये चढून बसायच्या. आपल्या नेहमीच्या जागेवर नाही, काकांच्या. घरून आणलेली उशी खाली घ्यायच्या, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवायच्या आणि समोरच्या भिंतीकडे एकटक बघत राहायच्या. मधेच गिअरच्या दांड्यावर हात जायचा.

तिसऱ्या दिवशी काकांचं तिकडे लक्ष गेलं. म्हणजे हिनेही मनातल्या मनात आकडा काढलाय तर. नवरा अजून धडधाकट उभा आहे आणि ही त्याच्या जागेवर बसून त्याची आठवण काढते आहे. चाळीस वर्षं शेजारी बसून नुसतं ‘हळू चालवा, हळू चालवा’ करणारी बाई, आणि आत इतकी माया. बिचारी. त्या संध्याकाळी काकांनी कोणी न सांगता चहा केला आणि काकूंच्या हातात नेऊन दिला. काय मोडून ठेवलंत, असं काकूंनी विचारलं.

शनिवारी मिस्त्री वाटच बघत होता. “ठरलं का काका?”

“ठरलं,” काका म्हणाले. रस्त्याने येताना वाक्य त्यांनी दोनदा म्हणून बघितलं होतं. “पाचाचं कर. गाडी आणि मी, दोघं बरोबरच थांबू. मागे राहणाऱ्याच्या गळ्यात हे लोढणं नको.”

मिस्त्रीला भरून आलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि उगाच नाक पुसलं. नाकाला ग्रीस लागलं.

पिकअपचं दार करकरलं. काकू सावकाश खाली उतरल्या आणि उशी काखेत मारून दोघांपाशी आल्या.

“पंधराचं करा,” त्या मिस्त्रीला म्हणाल्या.

“अगं, वेडी का काय तू,” काका अगदी हळवे झाले. “माझी पंधरा वर्षं कुठली गं आता?”

“तुमची कोण मोजतंय?” काकू म्हणाल्या. “मला चौसष्टावं चालू आहे. आणि मिस्त्री, ती सीट चार बोटं पुढे घेऊन द्या. माझा पाय ब्रेकला पोचत नाही.”