झाकणासकट फोटो

"म्हणजे याआधी कॅमेरा हातातच धरलेला नाही?" दुकानदारानं विचारलं.

"कधीच नाही, काका," बाई म्हणाली. "मोबाइलवर काढते तेवढंच. आता नीट शिकायचं म्हणते."

दुकानदारानं हसून मान डोलावली, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. बाईनं काउंटरवरचा कॅमेरा उचलला तेव्हा तिचा डावा हात आपोआप लेन्सखाली गेला होता आणि कोपरं अंगाला चिकटली होती. नवखा माणूस कॅमेरा दोन्ही बाजूंनी धरतो, गरम पातेलं उतरवल्यासारखा. बाई धडधडीत खोटं बोलत होती.

गेल्याच महिन्यात कपाटातली एक महागडी लेन्स भरदिवसा नाहीशी झाली होती. कुलूप शाबूत, काच शाबूत. दुकानदारानं संशय घेतला तो जुन्या नोकरावर. तो बिचारा काम सोडून घरी बसला. तेव्हापासून दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाकडे चोर म्हणून बघायचा आणि ते पैसे देऊन निघालं की मनातल्या मनात त्याची माफी मागायचा. 'या दुकानातला कॅमेरा डोळे झाकून घ्यावा' असं लोक म्हणायचे. हे नाव त्यानं आयुष्य घालवून कमावलं होतं आणि ते जपताना त्याची झोप उडाली होती.

नशीब, जावई मदतीला होता. लेकीनं स्वतःच जमवलेलं लग्न. दुकानदारानं सुरुवातीला बराच थयथयाट केला होता. आता जावई वरच्याच मजल्यावर राहत होता, दुकान सांभाळत होता. नवं मॉडेल घेणाऱ्यांचे जुने कॅमेरे तोच गाठून आणायचा. माणूस ओळखण्यात आपण चुकलो होतो, हे दुकानदार चारचौघांत कबूल करायचा.

"हे दोन बघा, ताई," तो म्हणाला. "हा हलका आहे, शिकायला सोपा. कुठलं बटण काय करतं ते स्क्रीनवरच दिसतं. हा त्याच्या वरचा. मजबूत, कमी उजेडातही फोटो स्वच्छ, पण दिवसभर गळ्यात घातलात तर मान बोलायला लागेल. माझं ऐकाल तर हलका घ्या आणि वाचलेल्या पैशांत बरी लेन्स घ्या. कॅमेरे बदलत राहतात, लेन्स राहते."

बाई चोर असली तरी सल्ल्यात खोट नको, हा त्याचा बाणा होता.

बाईनं दोन्ही कॅमेऱ्यांवरून नुसती नजर फिरवली. मग मागच्या फळीकडे बोट केलं. "आणि तो?"

"तो वापरलेला आहे. धंदेवाईक फोटोग्राफरचा. तुम्हाला झेपणार नाही."

"बघू तरी."

"कशाला ताई जुन्याच्या भानगडीत पडता?" जावई दाराजवळच्या स्टुलावरून म्हणाला. "नवा घ्या, वॉरंटी मिळेल."

पोरगा धंदा शिकला, असं दुकानदाराला वाटलं. तरी त्यानं कॅमेरा काढून दिला. बाईनं तो उलटा केला आणि तळाशी बोट फिरवलं.

"कंपनीचा नंबर पुसला गेलाय."

"स्टँडवर घासून जातो," जावई म्हणाला.

"अच्छा." बाईनं कॅमेरा सरळ केला. "एक फोटो काढून बघू?"

तिची पिशवी मोठी होती आणि तोंड उघडं होतं. दुकानदारानं कॅमेऱ्यात कार्ड घातलं आणि पिशवीवर नजर रोवली. बाईनं चाकं फिरवली, कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि बटण दाबलं.

"ताई, लेन्सचं झाकण तर काढा!"

"असू दे, काका."

कॅमेरा झाकणासकट बराच वेळ अंधाराचा फोटो काढत राहिला. दुकानदारानं पुन्हा पिशवीकडे पाहिलं. बाई वेडी नव्हती. म्हणजे हे सगळं नाटक होतं, त्याला बोलण्यात गुंतवून हात मारायचं. तो काउंटरच्या दाराकडच्या टोकाला सरकून दबक्या आवाजात म्हणाला, "जावईबापू, दाराला कडी घाला. या बाई अशा सुटायला नकोत."

"बाबा, जाऊ द्या ना त्यांना." जावयाचा चेहरा उतरला होता. "उगाच तमाशा होईल."

साधा माणूस, भांडणाला भितो. "कडी घाला म्हणतो ना!"

जावई स्टुलावरून उठून दाराकडे गेला.

बाईनं स्क्रीनवर फोटो मोठा केला. सगळा काळा, फक्त कोपऱ्यात तीन लाल ठिपके, दोन जवळजवळ आणि एक लांब. मग तिनं पिशवीत हात घातला. दुकानदारानं काउंटरची फळी घट्ट धरली.

पिशवीतून फोटो निघाले. रात्रीचा पूल, रात्रीचा रस्ता, दिव्याखाली उभी एक म्हातारी. प्रत्येकात त्याच कोपऱ्यात तेच तीन ठिपके.

"खोटं बोलले, माफ करा," बाई म्हणाली. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही कॅमेरा हातात दिला नसता. याच्यावर माझं पोट होतं, काका. उन्हाळ्यात माझ्या गाडीची काच फोडून नेला."

दुकानदार फोटो आणि स्क्रीन आळीपाळीनं बघत राहिला. आतल्या सेन्सरच्या दोषामुळे अंधारात उमटणारे असे ठिपके, बोटांच्या ठशांसारखेच, दोन कॅमेऱ्यांत सारखे नसतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"तुम्हाला कुणी विकला हा?" बाईनं विचारलं. "पोलिसांना एवढंच सांगा."

"सांगतो की! ज्यानं विकला त्याला सोडायचा नाही," दुकानदार म्हणाला. "आमचे जावईच घेऊन आले होते. त्यांना सगळं पाठ असतं."

तेवढ्यात वरून लेकीनं हाक मारली, "बाबा, यांना घेऊन वर या, जेवण गार होतंय."

"जावईबापू!" म्हणत दुकानदार वळला.

स्टूल रिकामं होतं आणि कडी घालायला सांगितलेलं दार सताड उघडं होतं.