गवतातली पाऊलवाट

बांधाशी मोटारसायकल थांबली तेव्हा तारामतीबाई गवतातून बाहेर पडत होत्या. मागच्या सीटवर कापडानं झाकलेला पिंजरा होता. त्यातून बारीक चिवचिव आली.

"आज्जी, इकडं लाल मुनिया दिसत्यात म्हणं?" खांद्यावरचं जाळं सावरत गाडीवरून उतरलेला माणूस म्हणाला.

"न्हाई बा. आमच्या लहानपणी होत्या, थवेच्या थवे. आता कुठल्या?"

अर्धंच खोटं होतं. बिलोलीकडच्या या गायरानात बारा वर्षांनी औंदा एकच जोडपं आलं होतं. वीस पावलांवर, बोराटीच्या बुडाशी, गवताचा चेंडू वळावा तसं घरटं. आत पाच पिल्लं, डोळेही न उघडलेली. साप आला का, मांजर आलं का, या धास्तीनं बाई रोज सकाळी जाऊन बघत.

माणूस त्यांच्या लुगड्याकडं बघत होता. काठाला कुसळं चिकटली होती. मग त्यानं खाली पाहिलं. कमरेएवढ्या गवतात एक पाऊलवाट सरळ आत गेली होती. गुरांची नव्हे, एकाच माणसाची, रोजची.

"मग ही वाट कुणाची हो?"

वाट बाईंच्याच पायांनी पडली होती. इतके दिवस त्या सापाला भ्यायल्या होत्या.

"माझी," त्या म्हणाल्या. "परसाकडला जाती. जा की आत, पाय भरवून ये."

"घरी संडास न्हाई का?"

"हाय की. सुनेनं त्यात सरपण भरलंय."

तो खदखदून हसला. नाकाला रुमाल लावून वळला, गाडीवर बसला, किक मारायला पाय उचलला.

तेवढ्यात बोराटीच्या शेंड्यावर नर येऊन बसला. गुंजेसारखा लाल, अंगावर पांढरे ठिपके. उन्हाळाभर तो मादीसारखाच मातकट होता. रंग कधी चढतो म्हणून बाई डोळे लावून बसल्या होत्या. भादव्यात चढला, त्या दिवशी त्यांनी घरात साखर वाटली होती.

नर गळा फुगवून गाऊ लागला. माणसानं उचललेला पाय हळूच खाली ठेवला.

तारामतीबाई पाऊलवाटेवर मधोमध बसल्या, दोन्ही हात पसरून. शेंड्याकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही. रंग जाऊ दे बाबा तुझा, त्या पुटपुटत होत्या, आत्ताच जाऊ दे.