उरलेल्या दोन पट्ट्या

"बोट दे," मुलगी म्हणाली.

"थांब, हात धुऊन येते."

"बहाणे नकोत, आई. माझी बस चुकेल."

आईने हातातली पाकळी अलगद ताटलीत ठेवली, बोट ॲप्रनला पुसलं आणि पुढे केलं. टेबलावर साखरेचे गुलाब वाळत होते. कुणाच्या तरी लग्नाच्या केकवर बारा लावायचे होते, नऊ झाले होते. साखरेच्या मऊ गोळ्यातून चिमूटभर घ्यायचं, पिठीसाखरेत बुडवायचं आणि बोटांच्या चिमटीत दाबत दाबत कड कागदाहून पातळ करायची. तीस वर्षं आई हेच काम करत होती. घरातून पाव, भात, बटाटे, बिस्किटं मुलीने हद्दपार केली होती. कामाची साखर तेवढी हद्दपार करता आली नव्हती.

सुई टोचली. थेंब पट्टीला लागला. रक्तातली साखर मोजायच्या मशीनने पाचपासून उलटं मोजलं आणि आकडा दाखवला. दोनशे अडुसष्ट.

"उलटं धरून बघ, कमी होतंय का," आई म्हणाली.

मुलगी हसली नाही. तिने वही उघडली. काल एकशे अठरा. परवा एकशे एकवीस. चाळीस दिवसांत एकदाही दीडशेच्या वर नाही.

"काय खाल्लंस?"

"दोन अंडी, अर्धी काकडी. काकड्या खाऊन खाऊन एक दिवस मला वेल फुटणार आहे."

"आई, खरं सांग."

"अगं, खरंच सांगतेय."

"मग हा आकडा काय आभाळातून पडला? समोर एवढी साखर. एखादं बोट चाटलं असशील."

"चाटलं असेन तर जीभ झडो माझी." आईने तोंड उघडलं आणि लहान मुलासारखी जीभ बाहेर काढली. जिभेवर लवंग होती. गोड खावंसं वाटलं की ती लवंग तोंडात धरायची. "बघ. सकाळपासूनची तिसरी आहे ही. बघ की!"

मुलीने पाहिलं नाही. ती आकडा लिहीत होती.

"परत लाव बाई ते मशीन. एकदाच."

"दोनच पट्ट्या उरल्यात. तुझ्या नाटकांवर घालवायला नाहीत."

मुलीने आकड्यापुढे लाल शाईने लिहिलं, 'गोड खाल्लं.'

"ते खोड," आई म्हणाली. "आकडा राहू दे. पुढचं तेवढं खोड."

"संध्याकाळी बोलू." मुलीने वही मिटली आणि पर्स उचलली. दार ओढून घेताना तिला आईची पाठ दिसली. आई पुन्हा पाकळीवर वाकली होती.

"पळ," आई मान न वळवता म्हणाली. "बस गाठ."

तीन वाजता शेजारच्या काकूंचा ऑफिसात फोन आला. आई टेबलाशीच, बसल्या जागी गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मुलगी म्हणाली, सकाळी साखर दोनशे अडुसष्ट होती, तिने गोड खाल्लं होतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. भेटायला आलेल्या मावशीलाही तिने तेच सांगितलं. मावशी म्हणाली, "गोडाचा मोह वाईट गं. लहानपणापासूनच तिला..." मुलीने मान हलवली.

पाचव्या दिवशी सकाळी बेकरीवाल्याचा फोन आला.

"ताई, फुलांचं राहू द्या. मी करतो काहीतरी."

"अकरा झाली आहेत," ती म्हणाली. "बारावं करून ठेवते. दुपारी या."

ती आईच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसली. गोळा मळला, चिमटीत दाबला. पहिली पाकळी जाड झाली. दुसरी फाटली. तिने आणखी पिठीसाखर घेतली. अकराच्या सुमाराला फूल उभं राहिलं, आईच्या फुलांपेक्षा बोजड, पण लांबून कळलं नसतं.

उठताना तिला घेरी आली. सकाळपासून बिनसाखरेच्या काळ्या चहाशिवाय पोटात काही गेलं नव्हतं. साखर उतरली असणार. मशीन टेबलाच्या कडेलाच होतं, त्या दिवशी ठेवलं तसंच. तिने स्वतःचं बोट टोचलं.

तीनशे दोन.

ती आकड्याकडे बघत राहिली. मशीन बिघडलं असेल, असं तिला वाटलं. आईही तेच म्हणाली असती. मग तिने बोट पाहिलं. लाल थेंबाच्या भोवती, नखाच्या कडेला, बोटाच्या रेषांमध्ये पिठीसाखर बसली होती.

ती बेसिनपाशी गेली. साबण लावून हात धुतले. दोनदा धुतले. टॉवेलने कोरडे केले, परत खुर्चीत बसली आणि शेवटची पट्टी मशीनमध्ये सरकवली. पाच. चार. तीन. दोन. एक.

चौऱ्याऐंशी.

वहीचं ते पान काढायला तिला वेळ लागला. लाल पेन वहीतच होतं. आकडा तिने राहू दिला. पुढचे दोन शब्द खोडले, कागद फाटेपर्यंत खोडले.

टेबलापलीकडे घड्याळात सव्वाअकरा झाले होते. आईचा ॲप्रन खुर्चीच्या पाठीवर होता, त्यावर बोट पुसल्याचा पांढरा पट्टा. ती त्या खुर्चीकडे वळली आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने, स्पष्ट म्हणाली,

"हात धुऊन ये, आई. मी थांबते."