आबांची बाई

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर," म्हणून मंजिरी जी थांबली, ती थांबलीच.

दिवाळीच्या सुट्टीत शिकलेलं विसरू नये म्हणून बाईंनी एकच अभ्यास दिला होता: रोज घरात कुणालातरी शिकवायचं. आज भरल्या सभेत पालकांना ते दाखवायचं होतं, आणि मंजिरीचे डोळे काठोकाठ भरले होते.

तेवढ्यात तिचे आजोबा, गावचे माजी सरपंच, फेटा सावरत उठले. "बाई, मी सांगू? तेरा साते ब्याण्णव!"

"आबा! कितीदा सांगितलं, एक्क्याण्णव!" मंजिरी कडाडली आणि त्याच झोकात थेट एकशेतीसला जाऊन पोचली. "धरा कान!"

आबांनी मुकाट्यानं कान धरले.

"चौदाचा येतो का गं?" बाईंनी हसू दाबत विचारलं.

"तो उन्हाळ्यात," कान न सोडता आबाच म्हणाले. "आमच्या बाईंनी अजून घेतला नाही."